चार आसनी हलक्या विमानाचा विकास आणि बिरसीचे आकाश : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालयांत हिवाळ्याच्या दिवसांत तास सुरू असताना आकाशातून एका लहान इंजिनाचा सलग आवाज ऐकू येतो आणि विद्यार्थ्यांच्या नजरा खिडकीकडे वळतात. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, हे विमान रोज जाते तरी कुठे?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. ते विमान कोठेही जात नाही. बिरसीच्या धावपट्टीवरून उडते, धानाच्या बांध्यांवर, वैनगंगेच्या पात्रावर आणि जंगलाच्या कडेवर घिरट्या घालते आणि पुन्हा बिरसीलाच उतरते. त्यात बसलेला तरुण उडणे शिकत असतो. त्याचे विमान ही त्याची वर्गखोली होय.

या वर्गखोलीला स्वतःचा इतिहास आहे. एकाच इंजिनावर चालणारे, चार माणसे बसू शकतील असे हलके विमान हे विसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आलेले यंत्र आहे. युद्ध, बाजारपेठ, कायदा, इंधन आणि शिकाऊ माणसाच्या चुका या पाच गोष्टींनी त्याला घडविले. भारतीय इतिहासलेखनात रेल्वे, गिरण्या आणि धरणे यांना जे स्थान मिळाले, ते हलक्या विमानाला मिळालेले नाही. स्थानिक इतिहासात तर त्याची नोंद जवळजवळ नाहीच. आपल्या डोक्यावरून रोज जाणाऱ्या वस्तूचा इतिहास आपणांस ठाऊक नसावा, ही उणीव अंशतः भरून काढण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) चार आसनी हलक्या विमानाच्या विकासाचे प्रमुख टप्पे समजून घेणे.
२) या विकासामागील तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर कारणांचा शोध घेणे.
३) बिरसी विमानतळाच्या जडणघडणीशी या विकासाचा असलेला संबंध तपासणे.
४) या विमानाचे गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भातील सामाजिक स्थान स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. जगातील सर्वच चार आसनी विमानांचा आढावा घेणे येथे शक्य नाही. म्हणून या वर्गाचा आदर्श मानले जाणारे अमेरिकेचे सेसना १७२ आणि गोंदियाच्या आकाशाशी प्रत्यक्ष संबंध असलेले ऑस्ट्रियाचे डायमंड डीए ४० या दोन विमानांवर विवेचन केंद्रित केले आहे.

विषय विवेचन :

१) युद्धोत्तर काळ आणि चार आसनांची कल्पना

दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेत हजारो तरुणांना वैमानिक बनविले. युद्ध संपल्यावर हे तरुण घरी परततील, मोटारीप्रमाणे स्वतःचे विमान विकत घेतील आणि कुटुंबासह प्रवास करतील, अशी तेथील कारखानदारांची अपेक्षा होती. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ३५ हजार नागरी विमाने तयार झाली. परंतु ही अपेक्षा फोल ठरली. पुढच्याच वर्षी मागणी कोसळली आणि अनेक कारखाने अडचणीत आले.

चार आसनांची कल्पना मात्र या पडझडीतून टिकून राहिली. दोन आसनी विमान शिकण्यापुरते उपयोगी असते. पती-पत्नी व दोन मुले असे कुटुंब न्यावयाचे तर चार आसने हवीत, हा हिशेब त्यामागे होता. २२ डिसेंबर १९४५ रोजी पहिले उड्डाण केलेले बीचक्राफ्ट कंपनीचे बोनान्झा हे या वर्गातील उच्चभ्रू विमान होते. त्याची चाके उड्डाणानंतर आत घेता येत असत आणि शेपटी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची होती. ते वेगवान होते, पण महाग होते. सामान्य ऐपतीच्या ग्राहकासाठी दुसरा मार्ग शोधणे आवश्यक होते.

२) सेसना १७० ते सेसना १७२

तो मार्ग कॅन्सास राज्यातील सेसना कंपनीने शोधला. या कंपनीचे संस्थापक क्लाईड सेसना हे शेतीची पार्श्वभूमी असलेले यंत्रकुशल गृहस्थ होते. १९२७ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली आणि १९३० च्या दशकात तिची सूत्रे त्यांचे भाचे ड्वेन वॉलेस यांच्याकडे आली. १९४८ मध्ये कंपनीने सेसना १७० हे चार आसनी विमान बाजारात आणले. त्याचे पंख वरच्या बाजूस होते आणि इंजिन १४५ अश्वशक्तीचे होते. आरंभी पंखांवर कापड ताणलेले असे. १९४९ पासून ते पूर्णपणे धातूचे झाले.

या विमानाचे तिसरे चाक शेपटीखाली होते. त्या काळची बहुतेक लहान विमाने अशीच असत. या रचनेत एक अंगभूत दोष आहे. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे उतरताना विमान थोडे तिरके झाले की मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरते. मागून ढकललेली हातगाडी जशी चटकन वाकडी होते, तसाच हा प्रकार होय. कसलेला वैमानिक पायांच्या सूक्ष्म हालचालींनी ते सावरतो. नवशिक्याला ते साधत नाही.

१९५० च्या दशकाच्या मध्यास सेसनाने याच विमानाचे तिसरे चाक शेपटीखालून काढून नाकाखाली बसविले. त्यामुळे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला आणि विमान जमिनीवर आपोआप सरळ धावू लागले. नाक जमिनीला समांतर राहिल्यामुळे वैमानिकाला समोरची धावपट्टीही स्पष्ट दिसू लागली. १२ जून १९५५ रोजी या नव्या विमानाचे पहिले उड्डाण झाले आणि १९५६ साठी ते सेसना १७२ या नावाने विक्रीस आले.

पाहू गेल्यास हा बदल एका चाकाचा होता. परंतु त्याचा परिणाम दूरगामी ठरला. वैमानिकाकडून अधिक कौशल्याची अपेक्षा करण्याऐवजी यंत्रानेच त्याची चूक पोटात घालावी, ही दृष्टी त्यातून पुढे आली. सेसना १७२ चे यश वेगात नव्हते, सामर्थ्यात नव्हते; ते या क्षमाशीलतेत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते चार आसनी विमानाच्या संपूर्ण इतिहासाचे हेच मध्यवर्ती सूत्र होय.

३) संथ सुधारणांचा कालखंड (१९५६ ते १९८६)

पुढील तीस वर्षांत सेसना १७२ मध्ये क्रांतिकारक म्हणावा असा बदल झाला नाही. १९६० मध्ये शेपटीचा उभा पंखा मागे झुकविण्यात आला. तो दिसण्यास आकर्षक होता, एवढेच त्याचे प्रयोजन. त्यानंतर 'स्कायहॉक' हे नाव रूढ झाले. १९६३ मध्ये पाठीमागे खिडकी आली. १९६५ मध्ये पंखांच्या मागील झडपा हाताच्या दांड्याऐवजी विजेवर चालू लागल्या. १९६८ मध्ये कॉन्टिनेंटल कंपनीच्या सहा नळकांड्यांच्या इंजिनाऐवजी लायकमिंग कंपनीचे चार नळकांड्यांचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आले. १९७७ मध्ये १६० अश्वशक्तीचे नवे इंजिन बसविण्यात आले. परंतु ते त्रासदायक ठरल्याने १९८१ मध्ये दुसऱ्या इंजिनाची निवड करावी लागली.

पहिल्या सेसना १७२ चे इंजिन १४५ अश्वशक्तीचे होते आणि १९९८ मध्ये आलेल्या १७२ एस या आवृत्तीचे १८० अश्वशक्तीचे. बेचाळीस वर्षांत वाढ केवळ ३५ अश्वशक्तींची झाली. याच काळात प्रवासी विमाने पंख्यांवरून जेट इंजिनांवर गेली आणि माणूस चंद्रावर जाऊन आला. हलके विमान मात्र जवळजवळ जागेवरच राहिले. याला मागासलेपणा म्हणावे की परिपक्वता, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. शेतकऱ्याच्या नांगराप्रमाणे ज्या वस्तूने आपले काम नेमके ओळखलेले असते, तिच्यात मोठा बदल करण्याची गरज पडत नाही, असे यावर म्हणता येईल.

या विमानाच्या विश्वासार्हतेची साक्ष एका विक्रमातून मिळते. ४ डिसेंबर १९५८ ते ७ फेब्रुवारी १९५९ या काळात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी अमेरिकेतील लास व्हेगास परिसरात सेसना १७२ हे विमान ६४ दिवस २२ तास १९ मिनिटे न उतरविता उडविले. खाली धावणाऱ्या मालमोटारीतून इंधन व अन्न वर घेतले जाई. १९६४ मध्ये अमेरिकी हवाई दलाने याच विमानाची प्राथमिक प्रशिक्षणासाठी निवड केली. फ्रान्समधील रीम्स येथेही परवान्याने त्याचे उत्पादन झाले. अशाच एका विमानातून २८ मे १९८७ रोजी मथायस रस्ट हा जर्मन तरुण सोव्हिएत संघाची संरक्षणव्यवस्था ओलांडून मॉस्कोत लाल चौकाजवळ उतरला. आजवर ४४ हजारांहून अधिक सेसना १७२ तयार झाली असून इतक्या संख्येने बांधले गेलेले दुसरे विमान नाही.

या काळात स्पर्धाही होती. १४ जानेवारी १९६० रोजी पहिले उड्डाण केलेले पायपर कंपनीचे चेरोकी हे खालच्या पंखांचे विमान सेसनाचे मुख्य प्रतिस्पर्धी ठरले. वरचे पंख चांगले की खालचे, हा वाद वैमानिकांत आजही रंगतो.

४) कायद्याने थांबविलेले आणि कायद्याने सुरू केलेले उत्पादन

यंत्राचा इतिहास केवळ यंत्रशाळेत घडत नाही, तो न्यायालयातही घडतो, याचे उत्तम उदाहरण येथे मिळते. अमेरिकेत १९७८ मध्ये सुमारे १७,८०० हलकी विमाने तयार झाली होती. त्यानंतर महागाई, व्याजदर आणि जुन्या विमानांचा साठा यांमुळे मागणी घटली. त्याचबरोबर अपघातांनंतर उत्पादकांवर भरपाईचे दावे वाढले. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाबद्दलही कंपनीला न्यायालयात उभे राहावे लागे. विम्याचा खर्च इतका वाढला की १९८६ मध्ये सेसनाने या विमानांचे उत्पादनच थांबविले. १९९४ पर्यंत अमेरिकेचे वार्षिक उत्पादन एक हजाराच्याही खाली आले.

१९९४ मध्ये अमेरिकी संसदेने नवा कायदा करून अठरा वर्षांहून जुन्या हलक्या विमानांबाबत उत्पादकाचे दायित्व मर्यादित केले. त्यानंतर सेसनाने कॅन्सासमधील इंडिपेंडन्स येथे नवा कारखाना उभारून १९९६ मध्ये सेसना १७२ चे उत्पादन पुन्हा सुरू केले. मधल्या दहा वर्षांच्या पोकळीत मात्र युरोपातील नव्या उत्पादकांना पुढे येण्याची संधी मिळाली होती. गोंदियाच्या आकाशातील विमानाचे मूळ या पोकळीच्या पलीकडे सापडते.

५) डायमंड डीए ४० : ग्लायडरचा वारसा

ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथील डायमंड कंपनीचा उगम मोटार बसविलेल्या ग्लायडरांच्या निर्मितीत आहे. वोल्फ हॉफमन यांच्या नावाशी जोडलेल्या या उद्योगाने १९८० च्या सुमारास एच ३६ डिमोना हे मोटार ग्लायडर विकसित केले. इंजिनाविना तरंगणाऱ्या या यंत्रांना लांब, निमुळते पंख आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. तो धातूच्या पत्र्याला रिवेट ठोकून मिळत नाही. काचतंतू व कार्बनतंतू रेझिनमध्ये बसवून साच्यातून काढावा लागतो. १९९१ मध्ये उडालेले कटाना हे दोन आसनी विमान याच तंत्राने बनले. ५ नोव्हेंबर १९९७ रोजी डीए ४० या चार आसनी विमानाच्या पहिल्या नमुन्याने उड्डाण केले. २००० मध्ये त्यास युरोपीय आणि २००१ मध्ये अमेरिकी प्रमाणपत्र मिळाले.

या विमानाचे पंख खालच्या बाजूस असून त्यांची लांबी सुमारे १२ मीटर आहे. शेपटी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची आहे. सेसनात मोटारीसारखे हातचक्र असते, तर येथे वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये दांडा असतो. इंधनाच्या टाक्या पंखांतील दोन तुळयांच्या मध्ये सुरक्षित ठेवलेल्या आहेत. आसने व सभोवतालची चौकट आघात सोसण्याच्या दृष्टीने आखलेली आहे. म्हणजेच सेसनाने उतरतानाची चूक पोटात घेतली, तर डायमंडने त्यापुढे जाऊन अपघात झालाच तर माणूस वाचावा, याचा विचार केला.

२००४ च्या सुमारास या वर्गातील विमानांत आणखी एक बदल झाला. गोल तबकड्यांच्या जागी गार्मिन कंपनीचे दोन मोठे पडदे आले. मोठ्या प्रवासी विमानांतही असेच पडदे असल्याने शिकाऊ वैमानिकाला पुढील वाटचाल सोपी झाली. याच कारणाने प्रशिक्षण संस्थांची पसंती नव्या विमानांकडे वळली.

६) इंधनाचा प्रश्न

हलक्या विमानाच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे इंधन. परंपरागत इंजिनाला 'अॅव्हगॅस' हे शिसेयुक्त विशेष पेट्रोल लागते. प्रवासी जेट विमाने मात्र रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात आणि ते मोठ्या विमानतळांवर सर्वत्र मिळते. भारताला अॅव्हगॅस दीर्घकाळ आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरात तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले देशी अॅव्हगॅस बाजारात आणले, तेव्हा कुठे ही स्थिती पालटू लागली. आयात इंधनाचा भार अंतिमतः प्रशिक्षणाच्या शुल्कात म्हणजे विद्यार्थ्याच्या पालकावर पडतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

डायमंडने या प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले. मोटारीच्या डिझेल इंजिनावर आधारित, जेट इंधनावर चालणारे थीलर्ट कंपनीचे इंजिन डीए ४० मध्ये बसविण्यात आले. परंतु २००८ मध्ये थीलर्ट कंपनी दिवाळखोरीत गेली आणि विमानमालक अडचणीत आले. तेव्हा डायमंडने ऑस्ट्रो या भगिनी कंपनीमार्फत स्वतःचे १६८ अश्वशक्तीचे इंजिन विकसित केले. हे इंजिन असलेल्या डीए ४० एनजी या आवृत्तीस २०१० मध्ये प्रमाणपत्र मिळाले. २०१७ मध्ये या ऑस्ट्रियन कंपनीची मालकी चीनमधील वानफेंग समूहाकडे गेली.

७) भारतीय प्रयत्न

भारतात चार आसनी विमान बनविण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. साठच्या दशकाच्या आरंभी एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्या पुढाकाराने हवाई दलाच्या कानपूर येथील केंद्रात 'कानपूर' नावाचे चार आसनी विमान तयार झाले होते. ते मोठ्या उत्पादनापर्यंत पोहोचले नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे पुष्पक आणि बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे हंसा ही दोन्ही विमाने दोन आसनी होती. याच प्रयोगशाळेने महिंद्र उद्योगाच्या साहाय्याने घडविलेल्या पाच आसनी विमानाचे उड्डाण २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झाले. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली भागात घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले. कौशल्य आहे, जिद्द आहे. परंतु त्यास भांडवल व बाजारपेठेची जोड मिळाली नाही, असा या प्रयत्नांचा सामान्य निष्कर्ष निघतो. अमेरिकेत सेसनाचा ग्राहक डॉक्टर, व्यापारी आणि शेतकरी होता. भारतात हा ग्राहकवर्ग नव्हताच. येथे चार आसनी विमान कौटुंबिक वाहन न बनता प्रशिक्षणाचे साधन बनले.

८) बिरसी : युद्धकालीन धावपट्टी ते प्रशिक्षण केंद्र

विदर्भाचा हवाई इतिहास प्रामुख्याने नागपूरभोवती फिरतो. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल योजनेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत जात. नागपूर फ्लाइंग क्लबच्या ताफ्यातील सेसना १५२ व सेसना १७२ या विमानांमुळे सेसनाचे नाव या प्रदेशास परिचित झाले.

गोंदिया शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवरील बिरसीची धावपट्टी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. स्वातंत्र्यानंतर ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती. १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. याच सुमारास देशात स्वस्त विमानसेवांचा उदय झाला. २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये स्पाइसजेट आणि २००६ मध्ये इंडिगो या सेवा सुरू झाल्या. विमाने आली, पण वैमानिक अपुरे पडले. तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री श्री. प्रफुल्ल पटेल हे गोंदियाचेच असल्याने बिरसीकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था येथे स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस डीए ४० व त्याचेच दोन इंजिनांचे भावंड डीए ४२ बिरसीच्या आकाशात दिसू लागले. रायबरेलीजवळील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही बिरसीचा प्रशिक्षणासाठी उपयोग केला. उत्तर भारतात हिवाळ्यात धुके पडते, तेव्हा गोंदियाचे आकाश स्वच्छ असते, हे त्यामागील साधे भौगोलिक कारण होय.

धावपट्टीची लांबी दोन किलोमीटरहून अधिक आहे. समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवामानात सेसना १७२ ला जमीन सोडण्यासाठी सुमारे ३०० मीटर धाव पुरते. म्हणजे शिकाऊ वैमानिकाला येथे चुकण्यास भरपूर जागा आहे. उन्हाळ्यात मात्र विदर्भाची तप्त हवा विरळ होते, पंखांना व इंजिनाला तिचा आधार कमी मिळतो आणि धाव लांबते. अशा दिवशी चार आसनी विमानात चार प्रौढ माणसे आणि पूर्ण भरलेली टाकी हे दोन्ही एकाच वेळी परवडत नाही. त्यामुळे प्रशिक्षणात बहुधा पुढे शिक्षक व विद्यार्थी आणि मागे निरीक्षण करणारा दुसरा विद्यार्थी अशी व्यवस्था असते. कुटुंबासाठी कल्पिलेले मागचे आसन अशा रीतीने वर्गातील मागचा बाक बनले.

९) क्षमाशीलतेची मर्यादा

यंत्र कितीही क्षमाशील असले तरी आकाश तसे नसते. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रात कोसळून प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी यांचा मृत्यू झाला. १८ मार्च २०२३ रोजी येथूनच निघालेले दुसरे प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळले आणि त्यातील दोघे मरण पावले. या अपघातांची तांत्रिक मीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु चार आसनी विमानाचा इतिहास सुधारणांची यादी म्हणून लिहिला, तर त्यात या चार माणसांना जागा उरत नाही. चाकाची जागा, टाकीचे स्थान, आसनाची चौकट यांतील प्रत्येक सुधारणेमागे कोणाचा तरी अपघात असतो. म्हणून त्यांची नोंद स्थानिक इतिहासाने घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

१०) सामाजिक अंग

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते आणि त्याचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. धान, तेंदूपाने व मजुरी यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात तो नाही. देशाच्या विविध भागांतील तरुण येथे येऊन शिकतात. स्थानिक तरुण मात्र त्यांचे विमान खालून पाहतो. बिरसी परिसरातील ज्या कुटुंबांच्या जमिनी विमानतळाच्या विस्तारात गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाची मागणीही वेळोवेळी पुढे आली. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग आणि डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोने येथून प्रवासी सेवा सुरू केली, तेव्हा धावपट्टीशी सामान्य माणसाचे थोडे नाते जुळले. तथापि प्रवासी म्हणून विमानात बसणे आणि वैमानिक म्हणून बसणे यांत मोठे अंतर आहे.

अमेरिकेत चार आसनी विमानाचा जन्म सामान्य माणसाला आकाश खुले करण्याच्या कल्पनेतून झाला. तेच विमान गोंदियात पोहोचेपर्यंत निवडक लोकांच्या उच्च वेतनाच्या व्यवसायाचे प्रवेशद्वार बनले. यंत्र तेच, पण समाज बदलला की त्याचा अर्थ बदलतो, हे यावरून दिसून येते.

निष्कर्ष :

१) चार आसनी हलक्या विमानाचा विकास वेग वा सामर्थ्य यांच्या वाढीतून झाला नसून शिकाऊ वैमानिकाच्या चुका सामावून घेण्याच्या प्रयत्नातून झाला.
२) १९८६ मध्ये सेसना १७२ चे थांबलेले आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालेले उत्पादन हे यंत्राच्या इतिहासावर बाजारपेठ व कायद्याचा किती प्रभाव असतो, हे दर्शविते.
३) इंधनाची उपलब्धता हा प्रशिक्षणाच्या खर्चावर परिणाम करणारा महत्त्वाचा घटक आहे.
४) भारतात कौटुंबिक ग्राहकवर्गाच्या अभावी हे विमान मुख्यतः प्रशिक्षणाचे साधन राहिले.
५) बिरसी येथे युद्धकालीन धावपट्टी, स्वच्छ हवामान, वैमानिकांची टंचाई आणि राजकीय पुढाकार हे चार घटक एकत्र आल्याने प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, परंतु त्याचा शैक्षणिक लाभ स्थानिक समाजापर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही.

समारोप :

१९४० मध्ये बिरसीची धावपट्टी बांधली जात असताना जी मुले तेथे गुरे चारीत होती, त्यांच्यापैकी फारच थोडी माणसे आज हयात असतील. त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विनाविलंब हाती घ्यावे. त्याचप्रमाणे प्रशिक्षण संस्थेत स्थानिक गरीब व गुणवान विद्यार्थ्यांसाठी काही जागा शिष्यवृत्तीसह राखून ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. महाराष्ट्रात सारस पक्ष्याने ज्या आकाशाचा आश्रय घेतला आहे, त्याच आकाशात ऑस्ट्रियात जन्मलेले हे विमान रोज घिरट्या घालते. ते कोठे जाते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा इतिहास आता सांगता येईल. परंतु "मलाही त्यात बसून शिकता येईल का?" हा त्याचा पुढचा प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर इतिहासकाराने नव्हे, तर समाजाने व शासनाने द्यावयाचे आहे.